हौशी छायाचित्रकार आणि त्याचा कॅमेरा

एखादा जुना हौशी छायाचित्रकार भेटला आणि त्याला त्याच्या छंदाची हकीकत विचारली, म्हणजे तो बहुधा आपल्या कॅमेऱ्यांची हकीकत सांगू लागतो. पहिला पेटीसारखा कॅमेरा कोणाकडून मिळाला, दुसरा कोणत्या दिवाळीत घेतला, तिसऱ्यासाठी पगारातून किती महिने पैसे बाजूला टाकले, चौथा परदेशातून कोणी आणून दिला, हे सर्व त्याला मुखोद्गत असते. सरकारी नोकराने आपल्या बढत्या सांगाव्या तशी ही यादी चढत्या क्रमाने लागते, आणि तिच्या शेवटी आज हातात असलेले यंत्र विराजमान झालेले असते. परंतु "यांपैकी कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र आपण जपून ठेवले आहे?" असा प्रश्न केला, तर गृहस्थ क्षणभर घुटमळतो, आणि मग कपाटाच्या खालच्या कप्प्यातून जे काढून दाखवितो, ते पुष्कळ वेळा त्या यादीतील पहिल्या किंवा दुसऱ्या यंत्राचे अपत्य असते.

या घुटमळण्यात काही अर्थ आहे काय, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. हौशी नट, हौशी गवई आणि हौशी कवी यांच्या गुणदोषांची चर्चा मराठीत पुष्कळ झालेली आहे. हौशी छायाचित्रकाराच्या वाट्याला मात्र एक तर कौतुक येते किंवा थट्टा येते. टीका सहसा येत नाही. वास्तविक आज या कलेइतकी घरोघर पसरलेली दुसरी कला दाखविणे कठीण आहे, आणि म्हणूनच तिच्याविषयी चार शब्द गंभीरपणे लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, नवा कॅमेरा दर वेळी छायाचित्रकाराच्या डोक्यावरचे एक ओझे उतरवितो. पण त्या ओझ्याबरोबर नकळत एक शिस्तही उतरते. ती शिस्त ज्याने पुन्हा स्वखुशीने अंगावर घेतली, त्याचीच यंत्राबरोबर वाढ झाली. बाकीच्यांची यंत्रे तेवढी वाढली.

आपल्याकडे या कलेचा आरंभ बव्हंशी हौशी लोकांपासूनच झालेला आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि १८५६ पासून तेथे हौशी छायाचित्रकारांच्या नावानेच एक चित्रसंग्रह मासिकरूपाने निघू लागला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या मंडळींतील एक प्रमुख एतद्देशीय सभासद होते. ते व्यवसायाने वैद्य, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. कॅमेरा हा त्यांचा उदरनिर्वाह नव्हे. त्या काळची ही हौस किती कष्टाची होती, याची कल्पना आज करणे अवघड आहे. १८५१ साली आर्चरने शोधून काढलेली ओल्या काचेची रीत तेव्हा प्रचारात होती. काचेवर कलोडियनचा चिकट थर ओतावयाचा, ती रौप्यलवणाच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे, आणि थर वाळण्याच्या आत, म्हणजे काही मिनिटांतच, अंधाऱ्या तंबूत नेऊन ती धुवावयाची. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात ही काच किती लवकर वाळत असेल, याचा वाचकांनीच विचार करावा.

एवढा खटाटोप करून दिवसाकाठी मोजकीच चित्रे हाती लागत. यामुळे एक गोष्ट आपोआपच घडे. कॅमेरा उभा करण्यापूर्वी माणूस पुष्कळ वेळ नुसता पाहत राही. प्रकाश कोठून येतो, तो आणखी तासाने कोठे असेल, समोरच्या मनुष्यास किती क्षण निश्चल बसणे जमेल, हे सर्व त्याला आधी ठरवावे लागे. समोर बसणारासही आपले चित्र निघत आहे याची पूर्ण जाणीव असे. त्याच्या संमतीवाचून ते निघणेच शक्य नसे. निवड, धीर आणि संमती ही तीन बंधने त्या अवजड यंत्राने छायाचित्रकारावर लादलेली होती. त्यात छायाचित्रकाराची थोरवी काही नव्हती. काच वाळते, म्हणून तो सावध असे, इतकेच.

हौशी मनुष्याचा या यंत्राबरोबर कसा प्रवास झाला, याचे आमच्या मुलखाला सर्वांत जवळचे उदाहरण लाला दीनदयाळ यांचे होय. त्यांचा जन्म १८४४ साली मीरत जिल्ह्यातील सरधना येथे झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्याचे शिक्षण घेऊन ते इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रके तयार करण्याच्या कामावर लागले. १८७४ च्या सुमारास, म्हणजे तिशी गाठल्यावर, त्यांनी कॅमेरा हाती घेतला. आणि तोही नोकरी सांभाळून, हौस म्हणून. पुढे १८८२ साली सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य हिंदुस्थानातील प्राचीन इमारतींची चित्रे घेण्याचा योग त्यांना आला. त्या दशकाच्या मध्यास सहावे निजाम महबूब अली खान यांचा आश्रय मिळाल्यावर त्यांनी नोकरीस रजा दिली, आणि सिकंदराबाद, हैदराबाद व १८९६ पासून मुंबई येथे चित्रशाळा चालविल्या. निजामाने त्यांना राजा मुसव्विर जंग ही पदवी दिली. १९०५ साली ते निवर्तले. त्यांच्या कारखान्यातील अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.

ज्या निजामी मुलखाची चित्रे दीनदयाळांनी घेतली, त्याच मुलखात आमचे जालना गाव होते. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता. त्याचा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. वेरूळ, दौलताबाद, औरंगाबादचा मकबरा यांची दीनदयाळांची चित्रे आम्ही पुस्तकांतून आणि संग्रहांतून पुनःपुन्हा पाहिली आहेत. त्यांत प्रथम नजरेत भरतो तो नकाशे काढणारा हात. इमारत कोठून पाहिली असता तिचा आराखडा एका दृष्टीत कळेल, ते ठिकाण शोधून काढण्यात हा मनुष्य चुकत नाही. माणसे असली तर ती बहुधा मापासाठी उभी केलेली असतात. खांब किती उंच, हे कळावे म्हणून त्याच्या पायथ्याशी एक शिपाई. हा दोष आहे, असे आम्ही म्हणत नाही. अभियंत्याच्या डोळ्याने हौस म्हणून पाहिलेला तो दगड आहे, आणि त्या दगडाविषयी त्याला खरीखुरी ओढ आहे. म्हणूनच ती चित्रे आजही शिळी वाटत नाहीत.

परंतु दरबारात गेल्यावर दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या. १८७१ साली मॅडॉक्सने सुचविलेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचा १८८० च्या सुमारास बाजारात सर्रास मिळू लागल्या. तंबू, कलोडियन आणि घाई यांतून छायाचित्रकार सुटला. शिवाय हौसेची जागा मागणीने घेतली. शिकारी, मेजवान्या, लष्करी कवायती, पाहुण्यांचे समुदाय अशी चित्रांची रासच पडू लागली. कारागिरी तीच, किंबहुना अधिक सफाईदार; पण या रास पडलेल्या चित्रांपैकी पुष्कळ अशी आहेत की, त्यांतील एक काढून दुसरे ठेवले तरी काही बिघडत नाही. मेलेल्या वाघामागे ओळीने उभे राहिलेले साहेब आणि सरदार पाहिले, म्हणजे कॅमेऱ्याने सर्व काही टिपले आहे आणि छायाचित्रकाराने काहीच निवडले नाही, असे वाटते. काचेच्या ओलेपणाने लादलेली शिस्त गेली होती, आणि तिच्या जागी दुसरी बसविण्यास दरबाराने सवड दिली नाही.

याच संग्रहात एक प्रकरण असे आहे की, ते पाहून आमच्यासारख्या या भागातील माणसाला स्वस्थ बसवत नाही. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात औरंगाबाद भागात निजाम सरकारने साहाय्याची कामे काढली होती, आणि त्यांची चित्रे दीनदयाळांच्या चित्रशाळेने घेतलेली आहेत. सरकारने दयाबुद्धीने काय केले, हे दाखविणे हा त्यांचा हेतू उघड आहे. उपाशी माणसांचे समुदाय तेथे असे दिसतात की, मकबऱ्याचे मिनार ज्या डोळ्याने तोलले, त्याच डोळ्याने ते तोललेले आहेत. रचना निर्दोष आहे. परंतु त्या समुदायातील एकाही मनुष्याचे नाव आपणास कळत नाही. शिकारीच्या चित्राखाली साहेबांची नावे क्रमाने लिहिण्याची त्या काळची चाल होती; ती येथे कोणास आठवली नाही. ही माणसे कदाचित आमच्याच भागातील एखाद्या खेड्यातून आलेली असतील, कदाचित त्यांचे पणतू आज आमच्या शेजारी राहत असतील. पण चित्र आणि वंशज यांना जोडणारा धागा कायमचा तुटलेला आहे. दीनदयाळ यांना यासाठी दोष देणे हे शतकानंतरचे सोपे शहाणपण होईल. तथापि टीकाकाराने एवढे नोंदविले पाहिजे की, या चित्रांत जे उणे आहे ते भिंगाचे नाही, काचेचे नाही, कारागिरीचेही नाही. समोरच्या माणसाशी छायाचित्रकाराचे काही देणे लागते, ही जाणीव त्या व्यवहारात कोठेच नव्हती.

हीच जाणीव हौशी मनुष्याजवळ असण्याचा अधिक संभव असतो, असे आम्हांस वाटते. कारण तो ज्यांची चित्रे घेतो ते बहुधा त्याचेच आईबाप, शेजारी आणि मित्र असतात. या दृष्टीने १८८८ साली ईस्टमनने काढलेला कोडॅक कॅमेरा आणि १९०० साली एका डॉलरला विकावयास आणलेला ब्राउनी, या दोन घटना दरबारी चित्रशाळांहून कमी महत्त्वाच्या नाहीत. रसायनांचे ज्ञान नसले तरी चालेल; कळ दाबावी आणि बाकीचे काम कारखान्यावर सोपवावे, असा तो व्यवहार होता. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी आगगाडी जालन्यावरून धावू लागली आणि "जालना सोने का पालना" म्हणविणाऱ्या या व्यापारी गावाला बाहेरच्या नवलाईच्या वस्तू सुलभ झाल्या. तरीही स्वतःचा कॅमेरा ही चीज मध्यम स्थितीच्या कुटुंबात शिरावयास स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. ती शिरली ती मुख्यतः बडोद्यास बनणाऱ्या आगफा क्लिक-थ्री या साध्या कॅमेऱ्याच्या रूपाने.

आमच्या हातीही पहिला आला तो हाच. शाळामास्तर असलेल्या वडिलांनी १९७१ साली तो घेतला. एका रोलवर बारा चौकोनी चित्रे निघत. रोलची किंमत, तो धुण्याची किंमत आणि छापण्याची किंमत यांचा हिशेब वडिलांच्या वहीत किराण्याखाली लिहिलेला असे. त्यामुळे बारापैकी एकही चित्र वाया घालविणे हा घरात अपराध समजला जाई. राजूरच्या गणपतीस चतुर्थीला गेलो, तर एक. आजी अंगणात तुळशीपाशी बसली, तर एक. मामाचे कुटुंब आले, तर सर्वांचे मिळून एक. चित्र घेण्यापूर्वी आजी केस नीट करून येई आणि "आता काढ" म्हणे. तिच्या त्या "आता काढ" मध्ये आम्ही वर सांगितलेली निवड, धीर आणि संमती ही तिन्ही होती. ते चित्र आजही आहे. त्यात आकाश कोपऱ्यावर पांढरेफटक झाले आहे आणि तुळशीवृंदावन तिरके आहे. पण आजी आपल्याकडे पाहत आहे.

परंतु जुन्या यंत्राचे गोडवे गाऊन थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कारण त्याच कॅमेऱ्याने आमच्याकडून एक मोठी चूकही घडविली. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्याच्या ज्या पिढीने पाहिला, तिला त्याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. गावाबाहेर पाझर तलावाची आणि रस्त्याची कामे निघालेली, खडी फोडणाऱ्या बायामाणसांच्या रांगा, मिलो ज्वारी, पोरांना वाटली जाणारी सुकडी. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. आमच्या वर्गातील दोन मुले शाळा सोडून तेथेच जात होती. त्या सबंध वर्षात आमच्याजवळ कॅमेरा होता, आणि त्या कामांचे एकही चित्र आम्ही घेतले नाही. कारण विचाराल तर क्षुल्लक आहे: बारा चित्रांत ती कोठे बसणार? चित्र घ्यावयाचे ते सणाचे, सुखाचे, पाहुण्यांचे, असा घरचा आणि सर्व गावाचाच समज होता. यंत्राने लादलेली निवड ही अशी दुधारी असते. ती डोळा तीक्ष्ण करते हे खरे. पण कोणाकडे पाहावयाचे नाही, हेही तीच मुकाट्याने ठरवून टाकते.

पुढे नोकरी लागल्यावर सर्व हौशी लोकांप्रमाणे आम्हीही बढत्या घेतल्या. प्रथम पस्तीस मिलिमीटरचा रशियन झेनिट, मग एक जपानी कॅमेरा, मग लांब पल्ल्याचे भिंग, मग त्याहून लांब. न्हाणीघराच्या खिडकीला काळे कापड लावून, लाल दिव्याखाली कागदावर चित्र उमटताना पाहण्याचा आनंद याच काळातला. त्याची सर दुसऱ्या कशास येत नाही. पण चित्रांचा विषय पाहावा तर तो दिवसेंदिवस आटत गेला. मोती तलावावरील सूर्यास्त, पावसाच्या थेंबातील गवत, पगडी घातलेल्या अनोळखी म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या. हौशी मंडळांच्या स्पर्धांत ज्यास बक्षीस मिळते ते आम्ही काढीत होतो. त्या म्हाताऱ्याचे नाव आम्ही विचारले नाही, कारण लांब भिंगामुळे त्याच्याजवळ जाण्याचीच गरज उरली नव्हती. अंतर कापणारे म्हणून जे भिंग विकत घेतले, त्याने प्रत्यक्षात अंतर कायम केले. औरंगाबादच्या दुष्काळी चित्रांविषयी वर जो आक्षेप घेतला, तो येथे आमच्यावरच उलटतो. तेथे निदान सरकारी हुकूम होता. येथे तोही नव्हता.

यंत्र पुढारले म्हणजे डोळा आळशी झालाच पाहिजे, असा मात्र काही नियम नाही. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके यांचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. आपल्या आयुष्यात फाळक्यांनी साध्या कॅमेऱ्यापासून छापखान्यापर्यंत अनेक यंत्रे हाताळली. गोध्र्यास छायाचित्राचा धंदाही करून पाहिला. १९१२ साली लंडनहून चलच्चित्राचा कॅमेरा आणल्यावर, ज्या यंत्रात चित्रांमागून चित्रे धडाधड निघतात ते त्यांनी कशापुढे ठेवले? तर कुंडीतील वाटाण्याच्या रोपापुढे. दररोज थोडी थोडी चित्रे घेऊन, महिनाभर धीर धरून, त्यांनी ते रोप पडद्यावर क्षणार्धात वाढताना दाखविले, आणि त्यावरून भांडवल देणारास या कलेची खात्री पटविली. दुसऱ्या वर्षी, ३ मे १९१३ रोजी, 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. सर्वांत वेगवान यंत्र हाती येताच त्याला सर्वांत संथ काम देणे, ही शिस्त कोणत्याही कारखान्याने त्या कॅमेऱ्यात भरलेली नव्हती. ती फाळक्यांनी स्वतःच्या पदरची घातली होती. ओल्या काचेने जे सक्तीने शिकविले, ते येथे खुशीने पाळलेले दिसते. आणि आमच्या मते हौशी छायाचित्रकाराच्या प्रगतीची खरी खूण हीच.

यानंतर फिल्मच गेली. कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली फिल्मवाचून चित्र घेणारा पहिला हातातला कॅमेरा बनविला, तेव्हा एक चित्र साठविण्यास त्याला तेवीस सेकंद लागत. पुढील तीस वर्षांत त्या यंत्राने जुनी सर्व व्यवस्था मोडून काढली, आणि २०१२ च्या जानेवारीत खुद्द कोडॅक कंपनीलाच दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. आता बाराचा हिशेब संपला, रोल धुण्याचा खर्च संपला, चूक झाली तर पुसून टाकण्याची सोय झाली. आम्हीही डिजिटल कॅमेरा घेतला, आणि २०१३ च्या उन्हाळ्यात, जालना जिल्ह्यावर पुन्हा दुष्काळ कोसळला असता, चाळीस वर्षांपूर्वीचे ते राहिलेले देणे फेडावे अशा बुद्धीने खेडोपाडी हिंडलो. मोसंबीच्या बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या होत्या. दहा-बारा वर्षे लेकरासारखी वाढविलेली झाडे लोक जळणासाठी तोडीत होते. टँकरभोवती घागरींची झुंबड होती. दोन महिन्यांत आम्ही चार हजारांहून अधिक चित्रे घेतली.

अंबड तालुक्यातील एका बागेत, तोडलेल्या बुंध्यावर बसलेल्या एका वृद्ध बाईस आम्ही तिची चित्रे कॅमेऱ्याच्या मागील काचेवर दाखविली. एकामागून एक अशी ती वीस-पंचवीस होती. तिने ती सर्व शांतपणे पाहिली आणि विचारले, "भाऊ, ह्याच्यातला आमचा फोटू कोणता?"

तिला म्हणावयाचे होते ते इतकेच की, यांपैकी आम्हांला कोणता देणार? पण त्या प्रश्नाने आमची वाचा बसली. आमच्याजवळ उत्तर नव्हते, कारण आम्ही निवड केलेलीच नव्हती; आणि द्यावयाचा, हा विचार तर मनास शिवलाही नव्हता. घरी आल्यावर "नंतर पाहू" म्हणून सर्व चित्रे एका डबीत साठविली. दोन वर्षांनी ती डबी उघडेना. दुरुस्त करणाराने हात टेकले. चार हजार चित्रांपैकी आज आमच्याजवळ आहेत ती अकरा, आणि तीही मित्राला दाखविण्यासाठी कागदावर छापून घेतली होती म्हणून. त्यांत ती बाई नाही. आजीचे चित्र पन्नास वर्षे टिकले आणि हिचे दोन वर्षे टिकले नाही, हा दोष यंत्राचा आहे असे म्हणून आम्हांस सुटता येणार नाही. आजीचे चित्र छापले गेले, कारण आजी ते मागणार हे ठाऊक होते. या बाईनेही मागितले होते. आम्ही ऐकले नाही.

यावर कोणी म्हणेल की, हा सर्व जुन्या माणसाचा विलाप आहे. त्या काळची टंचाई होती, तिला शिस्त असे भारदस्त नाव देणे म्हणजे गरिबीचे तत्त्वज्ञान करणे होय. या आक्षेपात पुष्कळ तथ्य आहे. बारा चित्रांच्या काळात कॅमेरा ज्यांच्याजवळ होता ती घरे गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. ज्या कुटुंबांत कॅमेरा नव्हता, त्यांच्या आजीचे चित्रच नाही. असलेच तर मतदारयादीसाठी किंवा शिधापत्रिकेसाठी काढलेले. आज दिवाळीनंतर ऊसतोडीस जाणारी बाई आपल्या लेकराचे चित्र स्वतःच्या मोबाइलवर स्वतः घेते, आणि त्याच संध्याकाळी ते गावाकडे सासूपर्यंत पोहोचते. औरंगाबादच्या दुष्काळी चित्रातील माणसांना जे कधीच साधले नाही, म्हणजे आपले चित्र आपण घ्यावे आणि त्यास आपले नाव असावे, ते या स्वस्त यंत्राने साधून दिले. ही गोष्ट सर्व जुन्या काचा आणि फिल्म यांहून मोठी आहे, असे आम्ही निःसंकोचपणे म्हणतो. टंचाई परत यावी, अशी इच्छा करणे शहाणपणाचेही नाही आणि माणुसकीचेही नाही.

परंतु याच कारणाने हौशी छायाचित्रकाराची जबाबदारी हलकी न होता वाढली आहे. गावात कॅमेरा बाळगणारा तो एकटा उरलेला नाही. त्यामुळे केवळ चित्र घेतले एवढ्यावर आता त्याला मान मिळणार नाही. त्याने असे काही करावयास हवे, जे घाईत असलेल्या इतरांच्या हातून होत नाही. शंभरांतून एक निवडणे, तेच एक कागदावर छापणे, पाठीमागे नाव, गाव आणि साल लिहिणे, आणि ज्याचे चित्र त्याच्या घरी एक प्रत पोहोचविणे. यात कलेचा काय संबंध, असे एखादा रसिक विचारील. आमच्या मते संबंध अगदी निकटचा आहे. ज्याला उद्या ते चित्र त्या माणसाच्या हातात द्यावयाचे आहे, तो आज त्याच्यासमोर निराळ्या तऱ्हेने उभा राहतो. तो जवळ जातो, नाव विचारतो, थांबतो, आणि "आता काढ" असे ऐकू येईपर्यंत कळ दाबीत नाही. निवड, धीर आणि संमती ही तिन्ही यंत्रातून गेली असली तरी अशा रीतीने माणसाच्या वागण्यात परत येतात, आणि मग चित्रातही दिसतात.

म्हणून हौशी छायाचित्रकाराचे मूल्यमापन करताना त्याच्या कॅमेऱ्यांची यादी ऐकून घ्यावी. तो ती सांगितल्यावाचून राहणार नाही, आणि त्या यादीत त्याचे निम्मे आयुष्य असते. पण नंतर त्याला विचारावे की, तुझ्या चित्रांपैकी किती चित्रे आज दुसऱ्यांच्या घरांत भिंतीवर आहेत? दीनदयाळांच्या वेरुळास या कसोटीची गरज नाही. ते दगड आपली साक्ष आपण देतात. आमच्यासारख्यांना मात्र तिच्याहून खरी कसोटी नाही. आमच्या हातात सध्या मोबाइलच अधिक असतो, आणि मोठा कॅमेरा कपाटात आहे. गेल्या चार वर्षांत घेतलेल्या चित्रांपैकी साठ-सत्तर आम्ही छापून त्या त्या घरी नेऊन दिली आहेत. अंबडकडची ती बाग आता पुन्हा उभी राहिली आहे. आम्ही तेथे गेलो, तेव्हा ती बाई नव्हती, वारल्याला तीन वर्षे झाली, असे सुनेने सांगितले, आणि मग तिने विचारले, "तुमच्यापाशी आत्याचा फोटू असंल ना?"